भावोजींची पुरवणी

ह्या सदरात एरवी मी शब्दांविषयी लिहिते. कुठला शब्द कुठून आला, वाटेत त्याने काय काय गमावले आणि आज तो कुणाच्या घरी नांदतो, असल्या चौकश्या करण्यात माझा वेळ बरा जातो. वाचकांची पत्रे पाहिली तर त्यांचाही अगदीच वाईट जात नसावा. दिवाळी अंकासाठी संपादकांनी नेहमीप्रमाणे "काहीतरी घरगुती द्या" म्हणून सांगितले. तेव्हा यंदा शब्द घेतला आहे तो 'पुरवणी', आणि त्यामागची हकीकत आमच्या घरचीच आहे. घडली मात्र ती अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी. ज्यांचा मुलगा, बहीण, निदान भाचा तरी तिकडे आहे त्यांना तीत काही ओळखीचे सापडेल. आणि हल्ली पुण्यामुंबईत असे कुणीच नसलेले घर शोधायला थोडे हिंडावे लागते.

आम्हां शिकवणाऱ्यांना पुरवणी भेटते ती परीक्षेच्या खोलीत. मुख्य उत्तरपत्रिकेची पाने संपली की मुले हात वर करतात, "मॅडम, पुरवणी!" वेळेत मागितली तर ती मिळते, कशाला हवी, आतापर्यंत काय दिवे लावलेत, असे कुणी विचारीत नाही. शेवटची घंटा झाली की मात्र विद्यार्थी रडकुंडीला आला तरी ती देता येत नाही. हा नियम मी वीस-बावीस वर्षे पाळीत आले आहे. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्यातही थेट हाच नियम आहे, हे मला २०२४ च्या धनत्रयोदशीपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या सकाळी चकल्यांचा पहिला घाणा कढईत होता आणि ताईचा फोन आला. माझी ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन अमेरिकेला गेली तेव्हा मी शाळेत होते. सणाच्या दिवशी तिचा फोन आला की आधी रडणे, मग फराळाची चौकशी असा क्रम ठरलेला. त्या दिवशी दोन्ही नाही.

"अगं, तुला एक पुस्तक पाठवते आहे. वाच आणि मला सांग, ह्यांनी घोटाळा केला आहे की नाही."

"ताई, मी मराठी शिकवते."

"म्हणून तर! शब्दाचा कीस काढायची सवय आहे तुला. इथे आम्ही दोघंही वाचतो, आणि दोघांना वेगवेगळं कळतं."

पुस्तकाचे नाव 'मेडिकेअर अँड यू'. अमेरिकेचे सरकार दर वर्षी शरद ऋतूत हे शंभरावर पानांचे पुस्तक वृद्धांच्या घरोघर धाडते. वेळही मोठी नामी साधली आहे. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ह्या मुदतीत तिथल्या वृद्धांना पुढच्या वर्षाचा विमा बदलता येतो, आणि आपली दिवाळी बहुधा ह्याच दिवसांत येते. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांत आकाशकंदील लागतो तेव्हा टपालपेटीत शुभेच्छापत्रे कमी आणि विमा कंपन्यांची रंगीत पत्रके अधिक असतात.

आता थोडा इतिहास सांगते. तो कळल्यावाचून पुढचा गुंता उलगडत नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी १९४५ साली सर्व नागरिकांसाठी आरोग्यविमा काढावा असा प्रस्ताव तिथल्या संसदेपुढे ठेवला. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. पुढे वीस वर्षांनी निदान म्हाताऱ्या माणसांपुरता तरी विमा असावा इथवर मंडळी आली. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मुद्दाम मिसूरी राज्यातल्या इंडिपेंडन्स ह्या ट्रूमनांच्या गावी गेले, तिथे त्यांनी कायद्यावर सही केली, आणि एक्याऐंशी वर्षांच्या ट्रूमनांना व त्यांच्या पत्नीला मेडिकेअरचे पहिले सभासद करून घेतले. १ जुलै १९६६ पासून योजना सुरू झाली.

ही योजना एकसंध नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. संसदेत दोन पक्षांचे दोन आराखडे होते. तडजोड करताना ते एकावर एक रचले. म्हणून मेडिकेअरचे पहिल्यापासूनच दोन भाग झाले. भाग ए रुग्णालयाचा. नोकरीच्या काळात पगारातून शेकडा १.४५ कापून घेतात, मालकही तितकेच घालतो. असे सुमारे दहा वर्षे ज्याने किंवा ज्याच्या जोडीदाराने भरले त्याला पासष्टाव्या वर्षापासून भाग ए हप्ता न भरता मिळतो. भाग बी डॉक्टरांचा, तपासण्यांचा, आणि रुग्णालयात न राहता घेतलेल्या उपचारांचा. त्याला दरमहा हप्ता आहे. १९६६ साली तो ३ डॉलर होता. २०२५ साली १८५ आणि २०२६ साली २०२ डॉलर ९० सेंट. मिळकत मोठी असेल तर ह्याहून अधिक.

इथवर वाचून मी ताईला उलट फोन केला. म्हटले, "चांगलं आहे की! भाग बी तर ऐंशी टक्के पैसे देतो. ऐंशी टक्के म्हणजे डिस्टिंक्शन."

ताई म्हणाली, "बाई गं, उरलेले वीस कुणी द्यायचे?"

सगळे पाणी मुरत होते ते ह्या विसात. आपल्याकडे पाच लाखांचा विमा म्हटला की पाच लाखांपर्यंत कंपनी, पुढे आपण. मेडिकेअरची रीत वेगळी आहे. वर्षाच्या सुरुवातीला ठराविक रक्कम आपण भरायची (तिला तिकडे डिडक्टिबल म्हणतात, मी आपला 'उंबरठा' म्हणते, तो ओलांडल्याशिवाय विमा घरात येत नाही), आणि मग प्रत्येक बिलातले शेकडा वीस आपले. भाग बीचा उंबरठा २०२५ साली २५७ डॉलर होता. तो काही फार नव्हे. पण त्या विसाला वरून झाकण नाही. बिल शंभर डॉलरचे असेल तर वीस, लाखाचे असेल तर वीस हजार. आणि कर्करोगाची औषधे शिरेतून द्यायची झाली तर बिल लाखाचे व्हायला वेळ लागत नाही. रुग्णालयाच्या भाग एलाही असाच उंबरठा आहे, १,६७६ डॉलरचा, हाही २०२५ चाच आकडा; आणि तो वर्षातून एकदा नव्हे, साठ दिवसांच्या खंडानंतर पुन्हा भरती व्हावे लागले तर पुन्हा.

दात, चष्मा, ऐकण्याचे यंत्र ह्यांची नेहमीची सोय ह्यात नाही. आणि आपल्या मंडळींना खरा धक्का बसतो तो पुढेच. आंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला जे माणूस लागते, त्या कायमच्या देखभालीचे पैसे मेडिकेअर देत नाही. हा विमा आजारपणाचा आहे, म्हातारपणाचा नव्हे. रुग्णालयातून सुटल्यावर शुश्रूषागृहात काही दिवस काढावे लागले तर त्याचे मिळतात, पण त्याआधी निदान तीन दिवस रुग्णालयात 'भरती' असायला हवे. ह्या भरती शब्दात एक चोरवाट आहे. माणूस दोन रात्री रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला असतो, नळ्या लावलेल्या असतात, जेवणही तिथलेच. पण कागदावर तो 'देखरेखीखाली' असेल तर कायद्याने तो बाहेरचा रुग्ण! ते दिवस त्या तिनात धरीत नाहीत. माझ्या विषयात शब्दार्थ चुकला तर फार तर दोन गुण जातात.

तर उरलेल्या विसाची आणि त्या उंबरठ्यांची सोय म्हणून खाजगी कंपन्या जो विमा विकतात त्याचे सरकारी नाव आहे मेडिकेअरची पुरवणी, आणि बोलीतले नाव मेडिगॅप. डॉक्टरचे बिल आले की आधी मेडिकेअर आपला वाटा देते, मागोमाग पुरवणी आपला देते. पूर्वी ह्या धंद्यात बराच गोंधळ होता. एकाच म्हाताऱ्याला तीन-तीन विमे विकून येणारे विक्रेते होते. १९९० च्या कायद्याने तो मोडला. पुरवण्यांचे ठराविक नमुने पाडले, त्यांना अक्षरे दिली, आणि बहुतेक राज्यांत सक्ती केली की एका अक्षराच्या पुरवणीत प्रत्येक कंपनीने तेच आणि तितकेच द्यावे. म्हणजे प्लॅन जी कुणाकडूनही घ्या, माल तोच. फरक फक्त हप्त्यात.

कायदा चांगला, पण अक्षरे देणाऱ्याला मी माझ्या वर्गात नापास केले असते. मेडिकेअरचे भाग ए, बी, सी, डी. आणि पुरवणीचे प्लॅनही ए, बी, सी, डी, पुढे एफ, जी, के, एल, एम, एन! भाग बी आणि प्लॅन बी ह्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. जगात इतकी अक्षरे असताना, नुसती आपली बाराखडी उघडली असती तरी पुरली असती. आज नव्याने येणाऱ्यांत प्लॅन जीला मागणी फार, कारण भाग बीचा उंबरठा सोडला तर बाकी जवळजवळ सगळे तो झाकतो. तो उंबरठाही झाकणारा प्लॅन एफ १ जानेवारी २०२० पासून नव्याने पात्र होणाऱ्यांना बंद केला आहे. गोळ्या-औषधांचे मात्र पुरवणीत येत नाही. त्यासाठी २००६ पासून भाग डी हा वेगळा विमा घ्यावा लागतो.

आता भावोजींकडे वळते. भावोजी इंजिनियर. हिशेबाला पक्के, आणि आपण पक्के आहोत हे त्यांना माहीत असते. मार्च २०२४ मध्ये त्यांना पासष्ट पुरी झाली आणि त्याच महिन्यात ते नोकरीतून निवृत्त झाले. मेडिकेअर माणशी असते. कुटुंबाचा विमा म्हणून बायको आपोआप त्यात येत नाही. ताई एका शाळेत काम करते, तिचा विमा तिच्या नोकरीचा, तेव्हा प्रश्न भावोजींपुरता होता. पुरवणी घेतली तर दरमहा दीडशेच्या वर डॉलर जाणार, शिवाय भाग डीचा हप्ता वेगळा. आणि टपालपेटीतले पत्रक सांगत होते, हप्ता शून्य!

हा शून्य हप्त्याचा विमा म्हणजे मेडिकेअरचा भाग सी. त्याला अॅडव्हान्टेज म्हणतात. ह्यात सरकार आपली रक्कम खाजगी कंपनीकडे सोपवते आणि त्या माणसाचे सगळे ती कंपनी बघते. भाग बीचा हप्ता सरकारला भरावाच लागतो, पण वर बहुधा काही नाही. औषधे त्यातच, दातांचे थोडे, चष्म्याचे थोडे, कुठे व्यायामशाळेची फीदेखील. शिवाय वर्षाला खिशातून जास्तीत जास्त किती जाईल ह्याला कायद्याने हद्द घातलेली आहे. २०२५ साली कंपनीच्या जाळ्यातल्या उपचारांपुरती ती ९,३५० डॉलर होती. मूळ मेडिकेअरमध्ये अशी हद्दच नाही, हे आपण पाहिले. अलीकडे निम्म्याहून अधिक लोक ह्याच वाटेने जातात, आणि ते सगळेच काही फसलेले नाहीत. भावोजींच्या शेजारचे एक गुजराती गृहस्थ नऊ वर्षे अॅडव्हान्टेजमध्ये आहेत; त्यांचे डॉक्टर त्यांच्याच गावचे, कंपनीच्या यादीतले, आणि दोन्ही कानांची यंत्रे त्यांना फार थोडक्यात मिळाली. ज्याला दरमहा दीड-दोनशे डॉलर जड आहेत त्याने दुसरे करावे तरी काय?

"शून्य म्हणजे शून्य," भावोजी ताईला म्हणाले. "दीडशे गुणिले बारा म्हणजे अठराशे. मला गेल्या दहा वर्षांत सर्दीपलीकडे काही झालंय का?"

सप्टेंबरात त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्याचा संशय आला. पुढच्या तपासणीला कंपनीची पूर्वमंजुरी लागणार होती. ती यायला दोन आठवडे गेले. ज्या शल्यवैद्याने त्यांच्या मित्राचे ऑपरेशन केले होते तो नदीपलीकडे न्यूयॉर्कात, कंपनीच्या यादीबाहेर. यादीतला जो होता त्याची तारीख दूरची. कंपनीने नियमाबाहेर काहीच केले नव्हते. पत्रकात बारीक टाइपात हे सगळे लिहिलेले होते, आणि तो टाइप भावोजींनी वाचलाही होता. ताई रात्री उठून त्यांचा श्वास ऐकत बसे.

"मग आता घ्या की पुरवणी," मी फोनवर म्हटले.

"तेच तर तुला वाचायला सांगते आहे. हे म्हणतात, मुदत गेली."

मी वाचले, आणि माझ्या पोटात गोळा आला. पासष्ट वर्षांच्या पुढच्या माणसाचा भाग बी ज्या दिवशी सुरू होतो तिथून सहा महिने पुरवणीचे दार उघडे असते. त्या सहा महिन्यांत कंपनीला आजार आहे म्हणून नाही म्हणता येत नाही, की आजारामुळे जास्त हप्ता मागता येत नाही. सहा महिने संपले की, न्यूयॉर्क-कनेक्टिकटसारखी मोजकी राज्ये सोडली तर, कंपनी प्रकृतीची चौकशी करू शकते आणि अर्ज फेटाळूही शकते. भावोजींचा भाग बी १ मार्चला सुरू झाला होता. ऑगस्ट संपला आणि घंटा झाली. धाप लागली ती सप्टेंबरात.

ह्या नियमाचा मला राग आला, आणि राग ओसरल्यावर त्यातले गणितही कळले. आजारी पडल्यावरच सगळे पुरवणी घेऊ लागले तर कुठलीच कंपनी उभी राहणार नाही. पण माणूस धडधाकट असतो त्याच सहा महिन्यांत त्याने आजाऱ्यासारखा विचार करावा, ही अपेक्षा जरा कठीणच. त्यातून समोर शून्य लिहिलेले!

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सगळी निजल्यावर, मी मेडिगॅपवरची सरकारचीच दुसरी पुस्तिका काढून बसले. तिच्यात एक तक्ता आहे. मुदतीबाहेर कोणकोणत्या प्रसंगी कंपनीला पुरवणी द्यावीच लागते, ह्याची ती यादी. अॅडव्हान्टेजची कंपनीच बंद पडली, माणूस तिच्या इलाख्याबाहेर राहायला गेला, अशा चार-दोन ओळी ओलांडल्यावर ती ओळ आली. पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पात्र होताच जो अॅडव्हान्टेजमध्ये गेला, आणि पहिल्या वर्षाच्या आत ज्याला मूळ मेडिकेअरकडे परतावेसे वाटले, त्याला प्रकृतीची चौकशी न होता पुरवणी मिळते. ह्याला तिकडे चाचणीचा हक्क म्हणतात. मार्च ते पुढचा फेब्रुवारी. चालू होता नोव्हेंबर.

तेव्हा एडिसनला दुपार होती. मी ताईला फोन लावला. तिने ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्या वेळी फोन भावोजींच्या कानाशी होता.

"परत वाच," भावोजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही परत सांगायला लावल्याचे मला आठवत नाही.

काम तेवढ्याने झाले नाही. ज्या कंपनीला त्यांनी फोन केला तिच्या विक्रेत्याने पहिलाच प्रश्न हृदयाचा विचारला, आणि उत्तर ऐकून "कठीण आहे" म्हणाला. लबाड होता म्हणून, की ती ओळ त्यानेही वाचली नव्हती म्हणून, कोण जाणे. ताई तिथेच हिरमुसली. पण तिथे प्रत्येक राज्यात वृद्धांना विम्याचा सल्ला फुकट देणारी सरकारी सोय आहे, 'शिप' नावाची. विकायचे काही नसलेली, शिकून तयार झालेली माणसे तिथे बसतात, पुष्कळशी स्वयंसेवक. ताईने वेळ मागून घेतली. समोर आल्या त्या सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी भावोजींचे कागद लावले, कंपनीला स्वतः फोन करून तक्त्यातली ओळ दाखवली, आणि कामाचा क्रम एका कागदावर लिहून दिला. आधी पुरवणीचा अर्ज, तो चाचणीच्या हक्काखाली आहे हे स्पष्ट लिहून. भाग डी सात डिसेंबरच्या आत. आणि हे सगळे १ जानेवारीला एकदम सुरू होईल असे, मध्ये एक दिवसही उघडा राहता कामा नये. अॅडव्हान्टेज आधी सोडून मग पुरवणी शोधत बसू नका, हे त्यांनी दोनदा बजावले. ताई म्हणते, "अगदी आपल्या आईसारखं बोलल्या. फक्त इंग्रजीत."

प्लॅन जीचे पत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले.

भावोजींची बायपास २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. न्यूयॉर्कला, त्याच शल्यवैद्याच्या हातून. मूळ मेडिकेअरमध्ये यादी नसते. मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो, आणि अशा उपचाराला पूर्वमंजुरीही लागली नाही. बिलांची चळत ताईने मला फोनवर दाखवली. प्रत्येकावर एक मोठा आकडा, त्याखाली मेडिकेअरने मान्य केलेला पुष्कळच लहान आकडा, त्याखाली पुरवणीने दिलेला, आणि शेवटी रुग्णाचे देणे. ऑपरेशनच्या बिलांत भावोजींच्या खिशातून गेले ते भाग बीच्या उंबरठ्याचे २५७ डॉलर. हप्ते अर्थात वेगळे, आणि ते दर वर्षी वाढतात. भावोजींच्या पुरवणीचा हप्ता वयाबरोबर चढत जाणाऱ्या जातीचा आहे. पण हप्ता भरीत राहिले तर प्रकृतीचे कारण सांगून कंपनीला ती काढून घेता येत नाही.

ही गोष्ट इथे संपली असती, पण घरात माई होत्या. माई म्हणजे भावोजींच्या आई, वय सत्त्याऐंशी. मुलाने ग्रीनकार्ड करून त्यांना २०२० च्या जानेवारीत तिकडे नेले. कोविड आला, मग गुडघे गेले, परत येणे काही झाले नाही. आपल्याकडचे पुष्कळ लोक समजतात की अमेरिकेत पासष्ट वर्षे झाली की सरकार औषधपाणी करते. मुलाने तीस वर्षे कर भरला म्हणून आईला भाग ए फुकट मिळत नाही. तो हक्क स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीवर मिळतो. ग्रीनकार्डावर आलेल्या वृद्धाने पाच वर्षे सलग तिथे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येते. २०२५ सालचा भाव होता भाग एला दरमहा ५१८ डॉलर आणि भाग बीला १८५. त्याआधीची पाच वर्षे माईंचा खाजगी विमा होता, तोही काही स्वस्त नव्हता.

माईंची पाच वर्षे जानेवारी २०२५ मध्ये पुरी होत होती. आणि त्या रात्री पुस्तिका वाचताना माझ्या लक्षात आले होते की पुरवणीच्या सहा महिन्यांचे घड्याळ पासष्टाव्या वाढदिवसाला सुरू होत नाही. ते भाग बी सुरू होईल तेव्हा सुरू होते. म्हणजे ज्या दारासाठी भावोजींना इतका द्राविडी प्राणायाम करावा लागला, ते दार सत्त्याऐंशी वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माईंना आता कुठे पहिल्यांदा उघडत होते, आणि पुरते सहा महिने!

पैशाचा प्रश्न मात्र खराच होता. सातशे तीन डॉलर, वर वयामुळे पुरवणीचा जबर हप्ता, वर भाग डी. भावोजी दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनी नाशिकच्या आणि बंगळूरच्या भावाला फोन केला. ह्या फोनवर काय बोलणे झाले ते ताईने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. नाशिकचे दीर पूर्वी माईंच्या पुण्याच्या घरावरून जरा दूर गेले होते, एवढे मला ठाऊक आहे. दर तीन महिन्यांनी आता त्यांच्याकडून पैसे येतात. माईंना ह्यातले काही सांगितलेले नाही. आपले औषधपाणी जॉन्सनसाहेबांच्या कायद्याने होते, अशीच त्यांची समजूत आहे, आणि साहेबांच्या नावाने त्या अधूनमधून कृतज्ञताही व्यक्त करतात.

आता ताई आणि भावोजी येत्या डिसेंबरात पुण्याला यायचे म्हणतात. पूर्वी ते आले की तीन-तीन महिने राहत. पण मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. पुण्यात छातीत दुखले तर ते पुण्याचे दुखणे. प्लॅन जीत परदेशातल्या तातडीच्या उपचारांपुरती एक लहानशी सोय आहे. पहिले अडीचशे डॉलर आपले, मग शेकडा ऐंशी कंपनीचे, जन्मभरात मिळून पन्नास हजार डॉलरपर्यंत. आणि तीही प्रवासाला निघाल्यापासून पहिल्या साठ दिवसांतच दुखणे सुरू झाले तर. ही ओळ मी भावोजींना वाचून दाखवली नव्हती. ती त्यांची त्यांनीच शोधून काढली.

परतीचे तिकीट त्यांनी एकोणसाठाव्या दिवसाचे काढले आहे.